जागतिक आरोग्य संघटनेचा प्रमुख कसा निवडतात, आणि त्याच्याशी तुमचा काय संबंध?



साथ आली की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, हे जागतिक आरोग्य संघटनावाले सगळं ठरवतात, पण त्यांना निवडतं कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी एक उदाहरण घेऊ. जुलै २०२२ मध्ये मंकीपॉक्स अनेक देशांत पसरत होता. जागतिक आणीबाणी जाहीर करायची का, यावर तज्ज्ञ समितीत एकमत होईना. ९ जण विरोधात होते, ६ जण बाजूने. तरीही महासंचालक डॉ. टेड्रोस यांनी आणीबाणी जाहीर केली. नियमच असा आहे की समिती सल्ला देते आणि निर्णय महासंचालक घेतात. म्हणजे त्या खुर्चीत कोण बसलं आहे, याने फरक पडतो.

निवडणूक कशी होते?

पूर्वी ३४ सदस्यांचं कार्यकारी मंडळ एकच नाव ठरवायचं आणि बाकीचे देश त्याला मान्यता द्यायचे. २०१७ मध्ये पहिल्यांदा सर्व सदस्य देशांनी तीन उमेदवारांमधून गुप्त मतदानाने निवड केली. इथिओपियाचे टेड्रोस, ब्रिटनचे डेव्हिड नाबारो आणि पाकिस्तानच्या सानिया निश्तर रिंगणात होते. शेवटच्या फेरीत टेड्रोस १३३ विरुद्ध ५० मतांनी जिंकले. आफ्रिकन युनियनचा त्यांना आधीपासून पाठिंबा होता.

इथे प्रत्येक देशाला एकच मत असतं. जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूचं मत आणि भारताचं मत सारखंच. त्यामुळे प्रचार लहान देशांपर्यंतही पोहोचतो. दूतावास कामाला लागतात, मंत्री दौरे करतात, आणि "इथे तुम्ही आम्हाला मत द्या, तिथे आम्ही तुम्हाला देऊ" अशी देवाणघेवाण होते. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्यांना हे नवीन वाटणार नाही! १९९३ मध्ये नाकाजिमा यांच्या फेरनिवडीसाठी जपानने गरीब देशांवर आर्थिक दबाव टाकल्याचे आरोप झाले होते. २०१३ मध्ये आचारसंहिता आली, पण ती कायद्याने बंधनकारक नाही.

आपल्या भागाचं काय?

आग्नेय आशिया विभागाचं कार्यालय दिल्लीत आहे. २०२३ मध्ये तिथल्या प्रादेशिक संचालकपदासाठी दोनच उमेदवार होते. एक, संघटनेत दीर्घकाळ काम केलेले नेपाळचे शंभू आचार्य. दुसऱ्या, ऑटिझमच्या क्षेत्रात काम केलेल्या बांगलादेशच्या सायमा वाजेद, तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांच्या कन्या. वाजेद ८ विरुद्ध २ मतांनी निवडून आल्या. ही मतं अनुभव बघून पडली की शेजाऱ्याशी संबंध बिघडू नयेत म्हणून? मतदान गुप्त असल्याने तुम्हाला-मला ते कळायला मार्ग नाही.

माझं मत

प्रचार करण्यात गैर काही नाही. मतदान गुप्त असण्यालाही कारण आहे. ते उघड झालं तर लहान देशांवर दबाव आणखी वाढेल. माझी हरकत सौद्याला आहे. आरोग्याच्या पदासाठीचं मत दुसऱ्याच कुठल्या तरी समितीतल्या जागेच्या बदल्यात दिलं गेलं, तर उमेदवाराला साथरोगातलं काय कळतं, हे कोणी विचारतच नाही. त्याची किंमत शेवटी पेशंट मोजतो.

उपाय साधा आहे. मत कोणाला दिलं ते सरकारने सांगू नये, पण कोणत्या निकषांवर देणार ते आधी जाहीर करावं. उमेदवाराने साथीत काम केलं आहे का? औषधं आणि लसी परवडाव्यात म्हणून त्याने काय केलं? स्वतःच्या सरकारला नाही म्हणण्याची हिंमत त्याच्यात आहे का?

टेड्रोस यांची दुसरी आणि शेवटची मुदत २०२७ मध्ये संपते. तेव्हा बातम्यांत "अमुक देशाचा विजय" असे मथळे येतील. ते वाचताना तो देश बाजूला ठेवा आणि त्या माणसाने आजवर काय काम केलं ते शोधा. ऑपरेशनआधी तुम्ही सर्जनचं गाव विचारत नाही, अनुभव विचारता. इथेही तेच विचारायचं, आणि आपल्या खासदारालाही विचारायला लावायचं.