टाचेखालचं नाव

परवा आमच्या वस्तीत उद्योजकतेचं शिबिर झालं. टायवाला पाहुणा आला. त्यानं एका इटालियन मोच्याची गोष्ट सांगितली. खेड्यातलं पोर, बूट शिवता शिवता जगातला मोठा ब्रँड झालं. शेवटी तो म्हणाला, ‘बघा, जिद्द लागते. सगळीकडं जात कशाला आणता?’ पोरांनी टाळ्या दिल्या. मीही दिल्या. रात्री गोदीत पाळीला गेलो आणि त्या टाळ्या मला डाचू लागल्या. कारण गोष्ट खरी होती, पण अर्धी होती. उरलेली अर्धी मी सांगतो.

साल्वातोरे फेरागामो १८९८ साली दक्षिण इटलीतल्या बोनितो गावात जन्मला. चौदा पोरांतलं अकरावं. बाप शेतकरी, घरात दारिद्र्य. पोराला नाद लागला गावच्या मोच्याच्या दुकानाचा. घरचे भडकले. तिथंही हा धंदा हलक्यातला हलका, घराला बट्टा लावणारा. मग बहिणीला चर्चच्या विधीला घालायला धड बूट नव्हते, तेव्हा या नऊ वर्षांच्या पोरानं रात्रीतून पांढरे बूट शिवून दिले. घरच्यांचा विरोध गळून पडला. पोरगा मोची झाला.

झाला, म्हणतोय मी. हा शब्द दाताखाली धरा. इटलीत शेतकऱ्याचं पोर मोची होऊ शकतं आणि उद्या ते सोडून दुसरंही काही होऊ शकतं. आपल्याकडं कुणी चांभार होत नाही, चांभार जन्मतो. आयुष्यात रापी-आरीला हात लावला नाही, बी.ए. झाला, बँकेत कॅशियर झाला, तरी पाठीमागं कुजबुज असतेच, ‘चांभाराचाय.’ आणि एखाद्या बड्या घरच्या पोराला चप्पल करावीशी वाटली, तर तो चांभार होत नाही. तो डिझायनर होतो. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच कप्प्याकप्प्यात कोंबली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरला होऊ न दिलेल्या त्या भाषणात मांडून ठेवलं. टायवाल्यानं ते वाचलं नसावं. वाचलं असेल तर तो लबाड आहे.

पुढं बघा. फेरागामो कोवळ्या वयात अमेरिकेला गेला. बोस्टनच्या बूट कारखान्यात यंत्रातून धडाधड पडणारा माल बघून त्याचं मन विटलं. तो कॅलिफोर्नियात गेला, सिनेमा कंपन्यांसाठी बूट शिवू लागला. १९२३ साली हॉलिवूडमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन अशा नट्यांचे पाय त्यानं हातात घेतले. विटाळ कुणालाच झाला नाही. पण देखणा बूट पायाला चावतो का, या प्रश्नानं त्याला झोप येईना. म्हणून तो विद्यापीठात जाऊन शरीररचना शिकला. उभ्या माणसाचा भार पायाच्या कमानीवर येतो, तर आधार तिथंच द्यायला हवा, हे त्याला उमगलं. त्यानं तळात पोलादाची पट्टी बसवली.

म्हणजे मोच्याचा हात विद्यापीठात गेला आणि पुस्तकानं त्याला झिडकारलं नाही. आपल्याकडं हात आणि पुस्तक कधी एका पंगतीला बसले? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावायचं, हे रसायनशास्त्रच आहे. ज्या ढोराला ते तोंडपाठ होतं त्याच्या विद्येला शास्त्र म्हटलं नाही, घाण म्हटलं. त्याचं घर गावाच्या उताराला टाकलं.

१९२७ साली फेरागामो इटलीला परतला आणि फ्लॉरेन्समध्ये आपल्या नावाची पाटी लावली. त्याच १९२७ साली, २० मार्चला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरत होते. नंतर आपल्या माणसांची डोकी फुटली. त्याच महाडच्या परिषदेत सांगितलं गेलं, मेलेलं ढोर ओढू नका, मृतमांस खाऊ नका. इथं खरी मेख आहे. त्याला इज्जत धंद्यातून मिळाली. आपल्याला धंदा टाकून मिळवावी लागली. मी महाराचा नातू, आज बौद्ध. ढोर ओढायचं आमच्याकडं, कमवायचं ढोराकडं, शिवायचं चांभाराकडं. एकाच जनावराच्या कातड्याला तीन जातींचे हात, आणि त्या तिघांत रोटी नाही, बेटी नाही. ज्यांनी ही तोड केली ते चप्पल घालून देवळापर्यंत गेले आणि चप्पल बाहेर काढून आत गेले. आपण चपलेच्याही मागं राहिलो.

फेरागामो काही संत नव्हता. १९३३ साली त्याचं दिवाळं निघालं, तरी तो परत उभा राहिला, हे खरं. पण १९३५ साली मुसोलिनीनं इथिओपियावर सैन्य घातलं, काळ्या माणसांवर विषारी वायू सोडला. इटलीवर निर्बंध आले, चांगलं पोलाद मिळेना. तेव्हा फेरागामोनं सार्डिनियाच्या बुचाची जाड टाच काढली. ती वेज टाच जगभर गाजली. त्याच मुसोलिनीसाठीही त्यानं बूट शिवले. १९३८ साली फ्लॉरेन्समधला जुना राजवाडा विकत घेतला. १९५० च्या सुमाराला त्याच्याकडं सातशे कारागीर होते, दिवसाला साडेतीनशे जोड हातानं शिवत होते. त्या सातशेंची नावं तुम्हाला ठाऊक आहेत? मलाही नाहीत. ब्रँड म्हणजे सातशे हातांवर ठोकलेलं एकाचं नाव. टायवाला हेही गिळून गेला.

आणि लग्न. १९४० साली या मोच्यानं बोनितोच्या डॉक्टरची मुलगी वांदा हिच्याशी लग्न केलं. गाव पेटलं नाही, कुणाला विहिरीत टाकलं नाही. तो १९६० साली मेल्यावर तिनंच धंदा पुढं नेला. आपल्याकडं २०१३ साली सोनईत काय झालं? वरच्या जातीच्या मुलीवरच्या प्रेमाचं निमित्त, आणि तीन मेहतर पोरांचा मुडदा पाडला. सांगा टायवाले साहेब, जिद्द कुठं कमी पडली?

आता कोल्हापूर. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपली कोल्हापुरी नुसती ‘लेदर सँडल’ म्हणून मिरवली. इथं बोंब उठली. आमची संस्कृती चोरली, महाराष्ट्राचा अपमान झाला. चोरी होतीच, ती पकडली ते बरंच झालं. पण बोंबलणाऱ्यांतल्या किती जणांच्या घरात चांभार पाणी पितो? २०१६ साली गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना भर रस्त्यात फोडून काढलं, तेव्हा ही संस्कृती कुठल्या बिळात होती? २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आली, कातड्याची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापुरीचा पुळका का आला नाही? चप्पल यांची. ती शिवणारा कुणाचाच नाही.

कोल्हापुरीला जीआय मिळाला २०१९ साली, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दोन महामंडळांच्या नावावर. फेरागामोनं आपल्या शोधांची पेटंटं घेतली. पेटंटावर माणसाचं नाव असतं, जीआयवर मुलखाचं. कापशी चप्पल म्हणतो आपण. कापशी गाव झालं. पण ती वेणी, तो अंगठा, तो कान पहिल्यांदा ज्यानं घडवला त्या म्हाताऱ्याचं नाव काय? इतिहासानं त्याची जात तेवढी लिहून ठेवली. २०२५ च्या डिसेंबरात प्राडानं त्या दोन महामंडळांशी करार केला. २,००० जोड, किंमत साधारण ८०० युरो, असं जाहीर झालं. फोटोत साहेब हसले. माझा साधा सवाल आहे. त्या ८०० युरोतले किती त्या रापीवाल्याच्या हातात पडणार? आणि त्या तळव्यावर त्याचं नाव असणार का?

आपल्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो, ही घाण कायमची फेका. दुसरा म्हणतो, आपलाही फेरागामो काढा, ब्रँड करा. मी दोघांनाही विचारतो. ज्याला सोडायचंय त्याला सोडता आलं पाहिजे, त्याच्या पोराच्या पाठीला जात चिकटली नाही पाहिजे. ज्याला करायचंय त्यानं मालक म्हणून करावं. कातडं त्याचं, यंत्र त्याचं, दुकान त्याचं, डिझाइनवर हक्क त्याचा. आणि एकट्याचा राजवाडा नको. सातशे हात असतील तर सातशे हिस्से. नाहीतर उद्या आपल्यातलाच एखादा टाय लावून येईल आणि आपल्यालाच जिद्द शिकवेल.

ढोर, महार, मांग, चांभार या तोडीवर पहिला घाव आपण घालायचा. एकाच कातड्याला लागलेले हात एका मुठीत यायला फार वेळ झाला.

मी गोदीत ज्या बुटांत उभा राहतो, त्यांच्या टाचेखाली कंपनीचं नाव कोरलंय. दिवसभर मी ते नाव चिखलात उमटवत फिरतो, फुकटात. ज्यानं ते बूट शिवले तो कुठल्या तरी वस्तीत माझ्यासारखाच घाम पुसत असेल. मला त्याचं नाव हवंय. टाचेखाली नको, दुकानाच्या पाटीवर हवंय.

आणि पुढच्या शिबिरात टाळ्या वाजवण्याआधी हात वर करा, आणि हेच विचारा.