विश्लेषण : भर पावसाळ्यात पाऊस गायब का होतो? समुद्रावर फिरणारा ‘एमजेओ’ काय सांगतो?

२०२३च्या जुलैत देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. पुढच्याच महिन्यात तो ३६ टक्के कमी पडला आणि १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट नोंदला गेला. एल निनो हे त्याचे एक कारण. पण एल निनो अनेक महिने टिकतो. काही आठवड्यांत होणारा असा बदल समजून घ्यायचा तर समुद्रावर सरकणाऱ्या ढगांच्या पट्ट्याकडे पाहावे लागते.

‘एमजेओ’ म्हणजे काय?

विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर हजारो किलोमीटर पसरलेला ढगांचा पट्टा तयार होतो. तो सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने पूर्वेकडे, प्रशांत महासागराच्या दिशेने सरकतो. त्याच्या मागेपुढे पाऊस कमी असलेला भाग असतो. हे चक्र साधारण ३० ते ६० दिवसांचे असते. रोलंड मॅडेन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ते प्रथम मांडले, म्हणून त्याचे नाव ‘मॅडेन-ज्युलियन ऑसिलेशन’.

आपल्या पावसाशी संबंध काय?

हा पट्टा हिंदी महासागरावर असताना मोसमी पावसाला बळ मिळते. तो प्रशांत महासागराकडे गेला की भारतात पावसाचा खंड पडण्याची शक्यता वाढते. ऑगस्ट २०२३ मध्ये एल निनोच्या जोडीला एमजेओही प्रतिकूल होता.

मग अडते कुठे?

एमजेओ सावकाश सरकतो, त्यामुळे खंडाची चाहूल दोन-तीन आठवडे आधी लागू शकते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. ठळक बातमी मात्र ‘मान्सून दाखल’ एवढीच होते. पहिल्या सरींवर पेरणी होते, मग खंड पडतो आणि दुबार पेरणीचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी बसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणी नको, हा कृषी विभागाचा सल्ला योग्यच आहे. पण त्यानंतर पाऊस टिकेल का, हेही शेतकऱ्याला कळायला हवे.

हा अंदाज तालुक्यापुरता नेमका नसतो आणि चुकूही शकतो. म्हणूनच ‘खंडाची शक्यता किती’ हे सोप्या मराठीत, दर आठवड्याला गावापर्यंत पोहोचले पाहिजे. मान्सून कधी आला याइतकेच तो कधी थांबणार, हेही महत्त्वाचे आहे.