कार्डाची अर्धी बाजू



बुद्धपौर्णिमा जवळ आली की आमच्या वडिलांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली येतो. त्यात सणावाराची जुनी कार्डे आहेत. ही पद्धत निघाली कुठून, असे मुलीने विचारले, म्हणून थोडे वाचले.

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले. त्या कामात हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याचाही हात होता. नाताळात स्नेह्यांच्या पत्रांचा ढीग साचू लागला. सर्वांना उत्तरे लिहिणार कधी? कोल यांनी १८४३ साली हॉर्सले या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन कार्डेच छापली. मध्यभागी जेवणारे कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबाला अन्नवस्त्र देणारी माणसे. किंमत एक शिलिंग! ज्या गरिबाचे चित्र, त्याला ते परवडणारे नव्हते. (हे आम्हांस ओळखीचे वाटले.)

गरिबाच्या हाती आले ते पोस्टकार्ड. तिकडे १८७० साली अर्ध्या पेनीत, आपल्याकडे १८७९ साली पाव आण्यात, म्हणजे एका पैशात. पुढे चित्रांची कार्डे निघाली. पण मागची बाजू फक्त पत्त्याची, मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. १९०२ साली इंग्लंडच्या टपालखात्याने ती बाजू दुभागू दिली. अर्धी पत्त्याला, अर्धी मित्राला. कार्डाचा जीव त्या अर्ध्या बाजूत असतो.

डब्यातली बरीच कार्डे एकाच काकांची. वडिलांबरोबर गिरणीच्या साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर गावी गेले ते गेलेच. दर पौर्णिमेला कार्ड येई. पुढे भगवान बुद्ध, मागे पेन्सिलीने दोन ओळी : "विहाराच्या भिंती झाल्या, पत्रे बाकी." कधी, "धाकटी दहावी पास."

वडील २००१ साली वारले. पुढल्या पौर्णिमेला काकांचे कार्ड त्यांच्याच नावे आले. कळवू, कळवू म्हणत राहून गेले. आम्ही तेव्हा विहारात मैत्रीभावनेवर बोलत फिरत होतो! त्यानंतरच्या वर्षी एकच ओळ होती : "उत्तर नाही, रागावलास का?" मग कार्डे थांबली.

यंदा त्या जुन्या पत्त्यावर आम्ही कार्ड टाकले आहे. काका आज असतील-नसतील, म्हणून धाकटीचेही नाव घातले. अर्ध्या बाजूत मावेना. अक्षर बारीक करून लिहिले, की ते रागावले नव्हते.