पेटी फोटोत आहे, कामावर नाही

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर रोजगार हमीचं काम निघालं, सलग समतल चर खणायचं. तिसऱ्या दिवशी मावशीच्या पायावर टिकाव बसला. रक्त थांबेना. कोण म्हणतं माती लावा, कोण म्हणतं तंबाखू दाबा. मी मुकादमाला विचारलं, "प्रथमोपचाराची पेटी कुठंय?" तर म्हणतो, "आहे ना, माझ्या घरी आहे. इथं ठेवली तर चोरीला जाते." त्याचं घर चार किलोमीटरवर. शेवटी मावशीच्याच लुगड्याचा काठ फाडून पाय बांधला आणि झोळी करून रस्त्यापर्यंत नेली.

पुढे मजुरीच्या तक्रारीसाठी आम्ही कामाची फाईल बघितली. त्यात फोटो होता. माठ, ताडपत्रीची सावली, आणि पांढरी पेटी. फोटोपुरतं सगळं कामावर आलं होतं.

हे मी बैठकीत मांडलं तेव्हा एक जुने साथी म्हणाले, "आपण जमिनीचे दावे लढवतोय आणि तू पट्टी-कापसाचं काय घेऊन बसलास?" त्यांचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. प्लॉट कसणारा हात आणि चर खणणारा हात एकच आहे. पाय पिकला म्हणून मावशी पावसाच्या तोंडाला पंधरा दिवस खाटेवर होती आणि नागलीचं रोप टाकायला उशीर झाला. हे जमिनीचंच नुकसान झालं ना?

आणि पेटी ही कोणाची मेहेरबानी नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूची २ मध्ये लिहिलं होतं, कामाच्या जागी प्यायचं पाणी, लहान मुलांना सावली, विसावा आणि प्रथमोपचार पेटी असलीच पाहिजे. कामावर मजुराला लागलं तर औषधोपचार फुकट. दवाखान्यात ठेवावं लागलं तर राहणं, औषध आणि मजुरीच्या निम्म्यापेक्षा कमी नाही इतका रोजचा भत्ता. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांसाठी २०२५ पर्यंत १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, त्यातही पेटी होती. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात, जो २०२५ पर्यंत लागू होता, तर दर दीडशे कामगारांमागे एक पेटी सांगितली होती. ती कामाच्या वेळेत हाताशी पाहिजे होती, प्रथमोपचार शिकलेल्या एका माणसाच्या ताब्यात पाहिजे होती, आणि ठरलेल्या वस्तूंशिवाय तिच्यात दुसरं काही ठेवायचं नव्हतं. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. आमच्या मुकादमाच्या पेटीत नंतर बघितलं तर मस्टरचे कागद आणि बिडीचं बंडल!

मावशीला यातलं काही मिळालं नाही. का, तर लागलं हे कुठं लिहिलंच नव्हतं. अधिकारी म्हणाले, "घरी लाकूड फोडताना लागलं असेल." वनहक्काच्या दाव्यात आपण पुरावा पुरावा म्हणून किती फिरलो, पण इथं आपल्याला ते सुचलं नाही. म्हणून पेटीत एक वही आणि पेन पाहिजेच. तारीख, वेळ, कोणाला, काय करताना, कुठं लागलं, काय उपचार केला, आणि दोन साक्षीदारांची सही नाहीतर अंगठा. मलम संपलं तर फडकं बांधता येतं. न लिहिलेलं नंतर लिहिता येत नाही.

आता घरची आणि पाड्याची पेटी. औषधाच्या दुकानात भिंतीवर लावायचं काचेच्या दाराचं कपाट दाखवतात. ते घेऊ नका. आपल्या कुडाच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, पावसाळ्यात आत ओल जाते, आणि काच फुटली तर तिच्यासाठीच पट्टी लागेल. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा बरा. उंदीर, मुंग्या शिरत नाहीत, आणि तोच डबा वीटभट्टीवर जाताना सोबत नेता येतो. कुलूप नको, पोरांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा.

आत साबण, गॉजच्या घड्या, पट्टीचे रोल, चिकटपट्टी, कात्री, पोव्हिडोन आयोडीनचं मलम, हातमोजे, ओआरएसची पाकिटं, बॅटरी. जुनं सुती लुगडं उकळून, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवलं तरी चालतं. कापूस उघड्या जखमेवर चिकटवू नका, त्याचे धागे आत राहतात. उरलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनं डब्यात नकोत. कोणाच्या तापाची गोळी कोणाच्या पोटात जाईल, सांगता येत नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरायचं, मधे मधे उघडून बघायचं नाही. मग धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना. भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी ओतायचं, टूथपेस्ट नाही, शेण नाही. ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सापाचं औषध मात्र कुठल्याच पेटीत नसतं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, झोळीतून सरकारी दवाखाना गाठायचा. प्रतिविष तिथं मिळतं.

पेटी कोणाकडे ठेवायची यावर आमच्याकडे दोन बैठका भांडण झालं. पोरं म्हणाली शाळेत. पण शाळेला रात्री कुलूप असतं, आणि साप रात्रीही चावतो. मी म्हटलं, भगताकडे ठेवू. सगळे हसले. पण रात्री-अपरात्री माणूस पहिला कोणाच्या दारात जातो? आमचा भगत म्हातारा आहे, लिहिता येत नाही, पण त्याची नात आठवीत आहे. आशाताईने दोघांना बसवून पट्टी बांधायला शिकवली. भगत अजून मंत्र टाकतो. टाकू दे, पण आता झोळी बांधायलाही तोच पहिला ओरडतो.

पट्टी आणि मलम संपलं की दर घरामागे पाच रुपये काढतो. वहीत दिवाळीपासून अकरा नोंदी झाल्यात, त्यातल्या चार रोजगार हमीच्या कामावरच्या. त्या चारांच्या नकला अर्जाला जोडून येत्या सोमवारी तहसीलला द्यायच्या आहेत. ज्या पाड्यांवर काम चालू आहे, त्यांनी आपली पेटी कुठं आहे ते बघून त्या दिवशी सोबत यावं.