“तिथे खाणार काय?”

मावळातला एखादा मुलगा वैद्यकाच्या शिक्षणासाठी किंवा चाकणच्या कारखान्यातर्फे चीनला निघाला, की आमच्या वडिवळ्यात त्याला पहिला प्रश्न विचारतात तो शिक्षणाचा नव्हे, भाषेचाही नव्हे, “तिथे खाणार काय?” हा! मग साप, बेडूक, किडे यांची यादी त्याला ऐकवतात आणि त्याच्या पेटीत मेतकूट, भडंग, लोणचे यांची अशी रास भरतात, की पोरगे परदेशी चालले आहे की वनवासाला, हे कळू नये. या काळजीत माया आहे, हे खरे. पण तिच्या आडून एक आढ्यताही बोलते, आणि माझे भांडण तिच्याशी आहे. मी दोन वर्षे चीनमध्ये काढली आहेत. तेव्हा हे बोलणे ऐकीव नव्हे.

पहिले महिने जड जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाट्या वाचता येत नाहीत. पाणी मागावे तर कढत पाणी पुढे येते. काड्यांच्या चिमटीतून शेंगदाणे निसटतात. भात मात्र निसटत नाही. तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या आपल्या इंद्रायणीसारखाच चिकट असतो. सकाळी गल्लीत बांबूच्या करंड्यांतून उकडलेले पाव वाफाळत असतात. सोयाबीनच्या गरम दुधात तळलेल्या कणकेची लांब कांडी बुडवून माणसे कामावर जातात. संध्याकाळी चौकात बायका गाणे लावून रांगेने नाचतात आणि फुटपाथवर बुद्धिबळाचा डाव रंगतो: खेळणारे दोघे, सल्ला देणारे दहा. हे ज्याला परके वाटेल, त्याने आपल्या गावचा पार कधी पाहिलेलाच नाही. भेटल्यावर “जेवलास का?” असे विचारण्याची जुनी रीत तर त्यांची आणि आमची एकच.

शाकाहारी माणसाने मांस नको म्हणावे. त्यात काहीच गैर नाही. बौद्ध परंपरेमुळे तिथे शाकाहारी खाणावळीही सापडतात. “मी हे खात नाही” हे व्रत झाले. “हे खाणारे लोक गलिच्छ” हा उद्दामपणा झाला.

आणि आमचे ताट तरी कुठे एवढे सोवळे आहे? एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सारे मूळचे अमेरिका खंडातले! चहा चीनचा, त्याचे नावही चीनचे. लोणचे मुरते ते चिनी मातीच्या बरणीत. ज्या सेचवान प्रांताच्या नावाने आमच्या गाड्यांवर लाल चटणी खपते, तिथला खरा मसाला म्हणजे कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद. मालवणची आमटी मिटक्या मारीत खाणाऱ्याने त्याला नाक मुरडू नये.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. उत्तर चीनच्या ज्या डोंगराळ, युद्धाने होरपळलेल्या मुलखात त्यांनी काम केले, तिथले रोजचे धान्य म्हणजे राळे. ते चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतात. ते काही मेतकुटाच्या जोरावर मिळालेले नाही.

कोणी म्हणेल, १९६२ विसरलात काय? २०२० चे गलवान विसरलात काय? मुळीच नाही. परंतु ज्या शेजाऱ्याशी बांधाचे भांडण आहे, त्याची ओळख तर अधिकच हवी. आणि नाकाला पदर लावून कोणाची ओळख होत नसते.

तेव्हा यंदा कोणाचे पोर तिकडे निघाले असेल, तर चकल्यांचा डबा जरूर द्या. मात्र तो खोलीचे दार लावून एकट्याने संपवण्यासाठी नव्हे, शेजारच्या दारी नेण्यासाठी. आलेला डबा रिकामा परत धाडू नये, ही आपली रीत. शेजाऱ्यानेही तो भरून पाठवला, तर आत काय आहे ते आधी नीट पाहावे, विचारावे, चालत असेल तर चाखावे. “तिथे खाणार काय?” याचे उत्तर त्या डब्यातच मिळेल.