नव्या भिडूची थट्टा

पावसाळ्याचे चार महिने आपल्या दुर्बिणी गवसणीत होत्या. आता आकाश धुऊन निघाले आहे आणि ऑक्टोबरच्या अमावास्येला पुण्यातले आकाशनिरीक्षक पुन्हा पानशेत, भोर, पुरंदरच्या बाजूला निघतील. प्रत्येक गाडीत एखादा नवा चेहरा असेल. कुणाचा भाचा, कुणाची ऑफिसातली मैत्रीण, निवृत्तीनंतर राहिलेली हौस पुरी करायला आलेले एखादे काका. त्यांना रात्रभरात काय काय दाखवायचे याची यादी आपण चोख करतो. त्यांच्याशी बोलायचे कसे, हा विषय मात्र आपल्या बैठकांत कधी निघत नाही. म्हणून या महिन्यात तोच घेतला आहे.

थट्टा व्हायलाच हवी, हे आधीच सांगून टाकतो. थंडीत कुडकुडत, डासांना तोंड देत पहाटेपर्यंत माळावर बसणारी माणसे एकमेकांची खेचणार नाहीत तर काय करतील? आणि नवख्याला आपण आत घेतला आहे, हे त्याला कळते तेही बहुधा पहिल्यांदा त्याची खेचली जाते तेव्हाच. कोणी पाण्याची बाटली काढायला गाडीचे दार उघडतो, आतला दिवा भक्कन लागतो आणि अंधारातून चारी बाजूंनी एकच ओरडा होतो : ‘दिवाऽऽ!’ बिचारा दचकतो. त्याला ठाऊक नसते की डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि त्याने एका क्षणात सगळ्यांची ती कमाई घालवली. पण पाचच मिनिटांत एखादी ताई त्याच्याकडून टॉर्च मागून घेते, तिच्या तोंडाला लाल जिलेटिन पेपर लावते, रबरबँड घालते आणि परत देते. ‘घे. आता तू आमच्यातला.’ ओरडा आणि जिलेटिन पेपर एकाच रात्री मिळाले, म्हणून तो मुलगा पुढच्या अमावास्येला पुन्हा येतो. नुसता ओरडा मिळाला असता तर आला नसता.

नवी दुर्बीण घेतली की ढग येतात, हा जगभरच्या आकाशनिरीक्षकांचा लाडका सिद्धान्त आहे. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की आपल्याकडे नव्या दुर्बीणवाल्याला फोन जातो : ‘तुझं पार्सल आलं वाटतं!’ ही थट्टा निर्मळ आहे. त्याच्या खरेदीचा आनंद सगळ्यांनी वाटून घेतल्याची ती पावती आहे. तसेच शनीचे. कडी बघायला रांगेत उभे राहिलेले कोणी हमखास विचारते, ‘मला साडेसाती चालू आहे, बघितलं तर चालेल ना?’ यावर एका ज्येष्ठांचे ठरलेले उत्तर असते : ‘आधी डोळा लावा. मग तुम्हीच सांगा, याला भ्यायचं का!’ डोळा लावल्यावर ती बाई कडी बघत राहते, मागचे लोक चुळबुळ करू लागतात, तरी हटत नाही. मार्च 2025मध्ये ही कडी आपल्या दृष्टिरेषेत अगदी कडेवर आली होती. आता ती हळूहळू पुन्हा उघडत आहेत. नव्यांना दाखवायला चांगले दिवस येत आहेत.

आता दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याकडे येतो. नवखा देवयानी दीर्घिकेला डोळा लावतो आणि म्हणतो, ‘एवढंच?’ मागे हशा होतो. कोणी म्हणते, ‘मोबाइलवरचे फोटो बघून आलाय.’ हा हशा मला खटकतो, कारण ‘एवढंच?’ ही त्या रात्रीची सर्वांत प्रामाणिक नोंद असते. त्याला पुसट कापसाचा बोळा दिसला आणि त्याने तेच सांगितले. निरीक्षकाने नेमके हेच करायचे असते. तिथे एक वाक्य पुरते : ‘सरळ बघू नकोस, जरा बाजूला नजर ठेव.’ मंद उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यावर जवळजवळ नसतात, कडेला असतात. नजर सरकवली की तो बोळा पसरतो, लांबट होतो, त्याला उजळ गाभा येतो. मग सांगावे की हा उजेड निघाला त्याला 25 लाख वर्षे झाली. मुलगा गप्प होतो. पुढच्या वेळी तोच दुसऱ्या कोणाला सांगतो, ‘बाजूला बघ.’

खरेदीवरून केलेली थट्टा याहून जास्त लागते. हौसेने 60 मिलिमीटरची दुर्बीण आणलेली असते, खोक्यावर 675 पट असे छापलेले असते आणि आपल्यातला एखादा जाणकार सगळ्यांसमोर हिशेब मांडतो की वस्तुभिंगाच्या दर मिलिमीटरला दोन पट धरले तर 120च्या पुढे काही अर्थ नाही. हिशेब बरोबर आहे, पण सांगण्याची वेळ चुकली. ती दुर्बीण दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर तो माणूसही आपल्याला अंतरतो. त्याऐवजी तिला सर्वांत कमी शक्तीची नेत्रिका लावा आणि गुरूचे चार चंद्र दाखवा, कृत्तिका दाखवा, चंद्राची विवरे दाखवा. गॅलिलिओकडे यापेक्षा लहान भिंगे होती. 120चा हिशेब पुढच्या महिन्यात, चहाच्या टपरीवर, एकट्याला गाठून सांगता येतो.

मुलींच्या बाबतीत तर अधिक भान हवे. ‘कुणाबरोबर आलीस?’, ‘घरी चालतं का एवढ्या रात्री?’ असे प्रश्न विचारणाऱ्याला चेष्टा वाटते. ऐकणारीला ती वेशीवरची चौकशी वाटते. हे बंद व्हायला हवे. तिला विचारायचा प्रश्न एकच : ‘काय बघायचं आहे?’

हे सगळे इतके गंभीरपणे का लिहावे? पुण्याच्याच इतिहासात त्याचे कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रा. कावसजी नायगामवाला यांनी इथल्या सायन्स कॉलेजात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिच्यातली 20 इंची ग्रब दुर्बीण देशातली सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घ्यायला नायगामवाला जेऊरला गेले होते. 1912मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. सगळा डोलारा एका माणसावर उभा होता. पुढे 1944मध्ये याच शहरात हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली. टिळक स्मारक मंदिरातली ही संस्था देशातल्या हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था, आणि ती आजही चालू आहे. दर पिढीत कोणीतरी नवखा जिना चढून आला आणि त्याला कोणीतरी ‘या, बसा’ म्हटले, म्हणून ती चालली. आयुकात दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांमध्ये कार्बोरंडमची पूड घालून काचेवर काच घासत बसलेल्यांनाही हे ठाऊक आहे. वरची काच खोलगट होत जाते, हे पुस्तकात वाचता येते; हात कुठे जड पडतो आहे, ते शेजारी बसलेलाच सांगतो.

तेव्हा येत्या अमावास्येसाठी आपल्या सर्व गटांना विनंती आहे. शनीवर दुर्बीण लागली, की पहिला डोळा नवख्याचा. मोटार नसलेल्या दुर्बिणीत 200 पटीला ग्रह मिनिटभरात दृष्टिक्षेत्राबाहेर जातो, तेव्हा तो ‘गेला, गेला!’ म्हणून ओरडेल. हसा खुशाल, पण दुर्बीण स्वतः हलवून देऊ नका, त्यालाच हलवू द्या. डावे-उजवे उलटे आहे हे त्याचे त्याला दोन प्रयत्नांत कळेल. निघताना पुढच्या बैठकीची तारीख त्याला तोंडाने सांगा. आणि तुमच्या गटात नव्या माणसाची पहिली रात्र कशी जाते, कोणती थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ते आम्हाला लिहून पाठवा. डिसेंबरच्या अंकात त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.