ग्रॅमचा हिशेब, वाऱ्याची वसुली

ट्रेकसाठी स्टोव्ह घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती ग्रॅमचा? कॅनिस्टरवर थेट फिरवून बसवायचा बर्नर आता २५ ग्रॅमपर्यंत खाली आला आहे आणि जाहिरातींत मिरवतो तो हाच आकडा. पण पाठीवर नुसता बर्नर जात नाही. २३० ग्रॅम गॅसचा भरलेला कॅनिस्टर पावणेचारशेच्या घरात जातो, वर भांडं. २० अंशांचं लिटरभर पाणी उकळायला हिशेबाने साडेसात ग्रॅम गॅस पुरतो. आडोशाला प्रत्यक्षात १२ ते १५ ग्रॅम लागतो आणि उघड्यावर वारा सुटला की त्याच्या दुप्पटही. बर्नरमध्ये वाचवलेले ५० ग्रॅम चार लिटर पाणी उकळेपर्यंत उडून जातात. परदेशी परीक्षणांत थंडीचा बाऊ असतो. शून्याजवळ ब्युटेनची वाफ होईनाशी होते, म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेनचं महाग मिश्रण घ्यायचं. हिमालयात ते हवंच. कळसूबाई मात्र १६४६ मीटरची. तिथला पारा क्वचितच इतका उतरतो. आपली गाठ कड्यावरच्या वाऱ्याशी आहे, म्हणून मी ज्वाला खोलगट वाटीत बसवलेला, थोडा जड बर्नर घ्या म्हणेन.

हलक्या बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा लावला की झालं, असं कुणी म्हणेल. कॅनिस्टरलाच चहूबाजूंनी कोंडलं तर तो तापून फुटू शकतो. पूर्ण आडोसा शोभतो तो नळीच्या स्टोव्हला, ज्यात कॅनिस्टर ज्वालेपासून दूर राहतो. शंभरेक ग्रॅम जास्त, पण मोठ्या गटाला तोच परवडतो. स्पिरिटचा स्टोव्ह हलका खरा, मात्र ग्रॅममागे उष्णता गॅसच्या साठ टक्क्यांच्या आसपास आणि ज्वाला उन्हात दिसतही नाही. वाळल्या गवतात तो कलंडला तर काय, हे वणवे पाहिलेल्यांना सांगायला नको. तीन दगडांच्या चुलीलाही हाच आक्षेप.

लोकलने कसारा-कर्जत गाठणाऱ्यांची अडचण निराळी. ज्वलनशील गॅस रेल्वेतून नेणं कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे डब्याला आग लागून ९ यात्रेकरू गेले. आपला कॅनिस्टर चिमुकला, ही सबब तिथे चालत नाही. अशांनी स्टोव्हच घेऊ नये. राजगडाखाली गुंजवण्यात किंवा हरिश्चंद्रगडाखाली पाचनईत आधी फोन केला, तर पिठलं-भाकरी तयार मिळते आणि पैसे गावात राहतात.